पान ३९३ ते ४१०

कंदील सार्वजनिक वाचनालय, मुखेड
१८ नोव्हेंबर २०२४

श्री. शिवशंकर मठपती यांस,

वाचनालयाच्या पुस्तकांची मोजणी झाली आणि तीत नऊ पुस्तकं अर्धी भरली, म्हणून हे पत्र लिहावं लागत आहे.

आमचे ग्रंथपाल केरबा सोनकांबळे जूनमध्ये वारले. तेव्हापासून कपाटांच्या किल्ल्या मानद सचिव या नात्याने माझ्याकडे आहेत. जाड पुस्तकं मधोमध कापून त्यांचे दोन भाग केल्याचं मोजणीत दिसून आलं. केरबांच्या एका खासगी वहीत या सगळ्या पुस्तकांपुढे एकच नाव आहे, ते तुमचं. पुस्तकं राक्षस, जादू आणि परग्रह यांची आहेत. त्यांपैकी 'तिसऱ्या चंद्रावरची पाटकरीण' याचा पहिला भाग मे महिन्यापासून तुमच्याकडे आहे. तुम्ही लातूरला राहता. तालुक्याबाहेर पुस्तक देण्याचा आमचा नियम नाही.

वाचनालयाचं पुस्तक कापणं हा अपराध आहे, मग तो ग्रंथपालाने केलेला असो की वाचकाने. कल्पना कोणाची होती ते लेखी कळवावं. पहिला भाग आठ दिवसांत परत करावा. फोन करू नये. फोनवर बोललेलं आवक-जावक रजिस्टरला नोंदवता येत नाही.

सत्यशीला हणमंते
मानद सचिव


लातूर
२४ नोव्हेंबर २०२४

बाईंना नमस्कार.

तुम्ही मला ओळखलं न्हाई, पण मी तुम्हाला ओळखतो. माझा हनुमंत तुमच्या वर्गात होता. पाढे चुकले म्हणून दोन तास उन्हात उभा होता. घरी येऊन म्हणला, बाईंचंच बरोबर हाय. मी मुखेडला एकोणीस वर्षं लाईनमन होतो. तुमच्या घरचा फ्यूज कैकदा बांधलाय.

पुस्तकं केरबानं कापली, पण माझ्यासाठी कापली. अपराध दोघांत वाटून टाका. माझ्या दोन्ही किडन्या गेल्यात. मंगळवार, गुरुवार, शनिवार चार-चार तास डायलिसिसच्या यंत्राला पडून राहतो. डाव्या हातात सुया असतात, तो हात हलवायचा न्हाई. उजव्या एका हाताला चारशे पानांचं पुस्तक पेलत न्हाई. एकदा ते निसटून सुईवर पडलं. चादर लाल झाली आणि सिस्टरनं पुस्तकावर बंदी घातली. केरबाला हे कळवलं, तर पुढच्या खेपेला त्यानं कंडक्टरजवळ अर्धंच पुस्तक पाठवलं. हे वाच, परत पाठव, मग उरलेलं देतो, असं लिहिलं होतं. हिशेब असा सहा वर्षं चालला. मी घरी एक पान वाचत न्हाई. यंत्रावर पडलं की मगच उघडायचं. घरी वाचून टाकलं तर तिथं काय करू?

दर दिवाळीनंतर केरबाला माझी यादी जायची. त्या दिवाळीपासून या दिवाळीपर्यंत काय वाचलं आणि काय आवडलं. यंदाची तुम्हाला लिहितो. नको असली तर फाडा, पण रजिस्टरला लावून फाडा.

चौथं, 'नागझरीचे तेरा दरवाजे'. उडता राक्षस गावावर येतो, घरं जाळतो, सगळं खरं वाटतं. पण पंख एवढाले असताना एक तार तुटत न्हाई. लेखकानं गावात खांबच उभा केला न्हाई. त्यासाठी खाली गेलं. तिसरं 'शून्य नंबरचं स्टेशन'. माणसं दोनशे वर्षं झोपून दुसऱ्या सूर्याकडं निघालेली, आणि एक जागा राहिलेला वायरमन. तो रोज झोपलेल्यांना नावानं हाका मारून जातो. ते प्रकरण मी दोनदा वाचलं. दुसरं 'मिठाच्या शहराचा नाकेदार'. त्या शहरात शिरायचं तर एक आठवण नाक्यावर ठेवून जावी लागते. शेजारच्या बेडवर देगलूरकडची मल्लम्मा असते. तिला वाचता येत न्हाई, मी सांगतो. ती म्हणली, माझ्याकडं ठेवायला लई हायत, मला रोज आत-बाहेर करू द्या म्हणावं.

पहिला नंबर मोकळा हाय. तो 'पाटकरीण'चा होणार असं वाटतंय, पण अर्ध्या पुस्तकाला नंबर द्यायचा न्हाई हा केरबाचा आणि माझा नेम. अकरा वस्त्या, एक टाकी, आणि पाणी सोडणारी एक बाई. मल्लम्मा दर खेपेला विचारते, "मुंदे एनु, अण्णा? पुढं काय? तुझी ती बाई नळ सोडायला किती दिवस लावते? लातूरच्या वर झाली की."

पहिला भाग कंडक्टरच्या हाती पाठवतो. दुसरा खाकी कागदात बांधलेला असंल, त्यावर नाव नसंल. तेवढा पाठवा.

शिवशंकर मठपती


मुखेड
२ डिसेंबर २०२४

श्री. मठपती यांस,

पहिला भाग मिळाला. एकही पान दुमडलेलं नाही. नोंद केली.

दुसरा भाग पाठवता येत नाही. तो मी रद्दीत दिला. नऊही दुसरे भाग दिले. ९ ऑक्टोबरला कपाट साफ करताना खालच्या कप्प्यात खाकी कागदातले गठ्ठे मिळाले. नाव नाही, क्रमांक नाही, सुरुवात वाक्याच्या मध्यातून. फाटकी पुस्तकं समजून मी ती बाद केली आणि यादीवर सही केली. केरबांची वही त्यानंतर महिन्याने सापडली. तुम्हाला पहिलं पत्र लिहिलं तेव्हा हे सगळं मला माहीत होतं. तेव्हाच लिहायला हवं होतं. लिहिलं नाही.

नांदेडला रद्दीवाल्याकडे जाऊन आले. माल कागदाच्या कारखान्यात गेला. प्रकाशन बंद पडून बारा वर्षं झाली. दुकानांत पुस्तक नाही.

यादी फाडली नाही.

पहिला भाग मी वाचला. मी राज्यशास्त्राची पदवीधर, पस्तीस वर्षं गणित शिकवलं, अशा पुस्तकांना मी वर्गात हात लावू दिला नाही. पान २०८ वर पाटकरीण टाकीत काठी घालून पाणी मोजते, आकडा बघते आणि कोणालाही सांगत नाही. तिथे केरबांची सुरी चालली आहे. पुढे काय, हे आता मलाही माहीत नाही. चौदा वाचनालयांना पत्रं टाकली आहेत.

सत्यशीला हणमंते


लातूर
९ डिसेंबर २०२४

बाईंना नमस्कार.

तुम्ही खरं लिहिलं, बरं वाटलं. दुसरं कुणी असतं तर उंदरानं खाल्लं म्हणलं असतं.

मल्लम्माला सांगितलं, पुस्तक गेलं. ती म्हणली, "गेलं म्हणजे? पाणी सोडलं का न्हाई त्या बाईनं?" मग मी माझ्या मनानं पुढचं सांगून बघितलं. दोन खेपा चाललं. तिसऱ्या खेपेला म्हणली, हे तुझं हाय, खऱ्या पुस्तकातली बाई एवढी बोलत न्हाई. तेव्हापासून दोघंही छताकडं बघून राहिलो.

हाताची शीर बंद पडून राहिली. आता मानेतून नळी टाकावी लागंल म्हणते डॉक्टर. सूनबाई समीक्षा अंगणवाडीत हाय. आठवड्यातले तीन दिवस माझ्यापायी तिला कुणाची तरी मनधरणी करून निघावं लागतं. हनुमंत सोलापूरला कामावर, महिन्यानं येतो. घरात कुणी वाकडं बोलत न्हाई, तेच जड जातं. खरं सांगतो बाई, कधी वाटतं आता बास करावं, जाऊच नये, घरच्यांना मोकळं करावं. पुस्तक हाय तवर जातो, एवढंच.

चौदा पत्रांतलं एखादं लागलं तर कळवा.

शिवशंकर


मुखेड
२६ डिसेंबर २०२४

श्री. मठपती यांस,

पुस्तक सापडलं. अर्धापूरहून नाही असं कळलं, उमरीहून आहे असं कळलं. नांदेडला गाडी बदलून उमरीला गेले. तिथले ग्रंथपाल सटवाजी म्हणून आहेत. तालुक्याबाहेर पुस्तक देता येत नाही, असं त्यांनी मला नियम काढून दाखवला. हाच नियम महिन्यापूर्वी मी तुम्हाला लिहिला होता, म्हणून वाद घातला नाही. त्यांच्या टेबलाशी बसून सगळं वाचलं आणि बाजूच्या दुकानातून झेरॉक्स काढून आणली.

सोबत पान २०९ ते ३९२ पाठवत आहे. एका हाताला पेलतील असे चार गठ्ठे केले आहेत. उमरीच्या प्रतीत शेवटची पानं नाहीत. त्याला इलाज नाही.

एका खेपेला वीस पानांच्या वर वाचू नये. डॉक्टर सांगतील ती नळी टाकून घ्यावी. समीक्षाला माझा आशीर्वाद सांगा. मनधरणी कोणाची करावी लागते ते कळवा, लातूरच्या अंगणवाडी पर्यवेक्षिका माझ्या विद्यार्थिनी आहेत.

पुस्तक चांगलं आहे.

सत्यशीला हणमंते


लातूर
१० जानेवारी २०२५

बाईंना नमस्कार.

तुमचं वीस पानांचं बंधन पाळलं न्हाई. मल्लम्मानं पाळू दिलं न्हाई. पाच खेपांत संपलं, काल शेवटचा कागद झाला. नळी टाकून घेतली. मान वळत न्हाई, पण आता दोन्ही हात मोकळे झालेत. केरबा असता तर म्हणला असता, उगं कापली पुस्तकं.

वस्त्यांचे अकराही पंच टाकीवर भांडायला येतात आणि ती त्यांना रांगेत उभं करून काठी एकेकाच्या हातात देते, तुम्हीच मोजा म्हणते, तिथं तर मला तुमचीच आठवण झाली. मल्लम्मानं तेवढं मला तीनदा सांगायला लावलं. एका पंचाचं नाव तिनं तिच्या दिराचं ठेवलंय.

आता एक विचारतो. सगळ्या कागदांवर दोन-दोन पानं आलीत, डावीकडं एक, उजवीकडं एक. शेवटच्या कागदावर ३९२ एकटंच हाय आणि उजवी बाजू कातरीनं कापलीय. कातर सरळ चाललीय, तुमचं सगळं सरळच असतं. म्हणजे ३९३ उमरीला हाय. ते तुमच्याकडंही हाय.

मी रागावलो न्हाई. शेवट वाईट असणार, एवढं तर मला कळलंच. चांगला असता तर तुम्ही कापला नसता. पण ते मी वाचायचं का न्हाई, हे तुम्ही एकट्यानं ठरवलं, ते बरं केलं न्हाई. मी खांबावर चढून पोट भरलेला माणूस हाय. खाली बघू नको असं मला कुणी सांगितलं की मी आधी खालीच बघायचो.

ती पानं पाठवा. तवर जुनीच घेऊन जातो. शेवट नसलेल्या पुस्तकालाही नंबर देता येत न्हाई.

शिवशंकर


मुखेड
१६ जानेवारी २०२५

श्री. मठपती यांस,

तुमचं पत्र १३ तारखेला मिळालं. उत्तर द्यायला तीन दिवस लावले. पानं पाकिटात घालून पाकीट टेबलावर ठेवलं होतं. आज स्पीडपोस्टाने पाठवत आहे. पान ३९३ ते ४१०, एकूण अठरा.

उमरीची प्रत पूर्ण आहे. ती अपुरी आहे असं मी लिहिलं, ते खोटं होतं. वर्गात खोटं बोलणाऱ्याला मी दाराबाहेर काढत असे.

कारण लिहिते. त्या पानांत काय आहे ते सांगत नाही, ते तुम्ही वाचायचं. तुम्ही ९ डिसेंबरला लिहिलं होतं, आता बास करावं, जाऊच नये. उमरीला बसून ती पानं वाचताना ते वाक्य माझ्या समोर होतं. ती पानं आणि ते वाक्य एका घरात नसावं असं मला वाटलं. म्हणून सटवाजींची कातर मागून घेतली.

तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. हे मी ठरवायचं नव्हतं.

वाचून झाल्यावर नंबर कळवावा. पहिला द्यायचा नसेल तर का नाही तेही लिहावं. मला त्या शेवटाबद्दल एका माणसाशी बोलायचं आहे आणि मुखेडमध्ये ते पुस्तक वाचलेलं माझ्याशिवाय कोणी नाही.

सत्यशीला हणमंते


लातूर
२८ जानेवारी २०२५

आदरणीय मॅडम यांना नमस्कार.

मी समीक्षा, शिवशंकर मठपती यांची सून. बाबा २१ तारखेला मंगळवारी सकाळी गेले. हनुमंत म्हणाले, मॅडमला फोन करू. पण बाबा म्हणायचे, बाईंशी जे काय ते लेखी. म्हणून लिहिते.

११, १४ आणि १६ तारखेला बाबा जुनीच पानं घेऊन डायलिसिसला गेले. १८ तारखेला शनिवारी गेले नाहीत. मी रिक्षा बोलावली होती. ते बाजेवर बसून राहिले. म्हणाले, "वाचायला काही न्हाई. मल्लम्माला काय तोंड दाखवू? एक खेप राहू दे." मी लई समजावलं. एक खेप याआधीही दोनदा चुकली होती आणि काही झालं नव्हतं, म्हणून मी जास्त ताणलं नाही. ते माझं चुकलं.

सोमवारी दुपारी तुमचं पाकीट आलं. बाबांच्या पायावर सूज होती, दम लागत होता, पण पाकीट बघून त्यांनी स्वतः उठून पिशवी भरली. टॉवेल, कानटोपी आणि वर पाकीट. मी म्हणलं, आत्ताच दवाखान्यात जाऊ. म्हणाले, उद्या नंबर आहेच. मी म्हणलं, पाकीट तरी फोडू का, मी वाचून दाखवते. म्हणाले, "न्हाई. उद्या यंत्रावर. मल्लम्मा पण ऐकंल."

मंगळवारी सात वाजता रिक्षात बसवलं. छातीत पाणी झालं होतं. दवाखान्याच्या दारातच गेले. पिशवी त्यांच्या मांडीवर होती.

मल्लम्मा गुरुवारी घरी आल्या होत्या, त्यांच्या पोराच्या गाडीवर बसून. बराच वेळ बसल्या. जाताना विचारलं, पाणी सोडलं का. मला काही कळलं नाही.

वाचनालयाचं काही सामान आमच्याकडे आहे. ते कसं पोचवू ते कळवा.

समीक्षा हनुमंत मठपती


मुखेड
१ फेब्रुवारी २०२५

चि. समीक्षा हिस आशीर्वाद.

तुझी चूक नाही. शनिवारी त्यांच्याकडे वाचायला काही नव्हतं, ते माझ्यामुळे. तीन आठवडे ती पानं माझ्या कपाटात होती. त्यांच्या डिसेंबरच्या पत्रात दोन वाक्यं शेजारी शेजारी होती. जाऊच नये असं वाटतं, हे पहिलं. पुस्तक आहे तोवर जातो, हे दुसरं. मी पहिलंच धरून बसले. उत्तरपत्रिका पुरी न वाचता मार्क देणाऱ्या शिक्षकांना मी आयुष्यभर नावं ठेवली.

सामान पाठवू नकोस. बुधवारी मी स्वतः येते. हे पत्र हनुमंतला दाखव. त्याला काही बोलायचं असेल तर मी ऐकून घेईन.

मल्लम्मा कुठे राहतात आणि त्यांच्या खेपेचे दिवस कोणते, ते काढून ठेव.

सत्यशीला हणमंते


लातूर
५ फेब्रुवारी २०२५

कंदील सार्वजनिक वाचनालय, मुखेड यांच्या वतीने आज रोजी कै. शिवशंकर मठपती यांच्या राहत्या घरी खालील वस्तू ताब्यात घेतल्या.

१. 'तिसऱ्या चंद्रावरची पाटकरीण', झेरॉक्स, पान २०९ ते ३९२. कागद त्र्याण्णव, गठ्ठे चार. समासात पेन्सिलीच्या खुणा आहेत, त्या पुसू नयेत.

२. वाचकाची स्वतःची वही एक, सहा वर्षांच्या याद्यांची. ही वाचनालयाची नाही. घरच्यांनी खुशीने दिली.

३. स्पीडपोस्टाचं पाकीट एक. पत्ता माझ्या हस्ताक्षरात. न फोडलेलं.

देणार: समीक्षा ह. मठपती
घेणार: सत्यशीला हणमंते